छंद सात आणि कॉलेज एकच निवडायचंय? एकेक पायरी घेऊन कसं ठरवायचं ते सांगते

शाळेची शेवटची दोन वर्षं चालू होती तेव्हा माझे सात छंद होते. स्केचिंग, कीबोर्ड, बुद्धिबळ, बॅडमिंटन, फोटो काढणं, थोडंफार कोडिंग आणि रात्री अंधारात उभं राहून तारे बघणं. भेटेल तो एकच विचारायचा, "यातलं नक्की काय करणारेस?" आणि उत्तर देता येत नाही म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे असं मला वाटायला लागलं. मग घाबरून मी एका महिन्यात चार गोष्टी धडाधड बंद केल्या, आणि नेमक्या त्याच केल्या ज्यांच्यामुळे मला अभ्यासातून डोकं वर काढता यायचं. ते वर्ष फार जड गेलं मला. आता ओळखीतली मुलंमुली येऊन तोच प्रश्न विचारतात तेव्हा मी त्यांना जे करायला सांगते ते इथे क्रमाने लिहिते आहे. लेख लांब आहे, पण घाईत वाचून संपवायचा नाहीये, यातल्या काही पायऱ्यांना दोन-दोन आठवडे लागतात.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. "कोणता छंद सोडू?" इथून सुरुवात करू नकोस. तुझ्या प्रत्येक छंदाला पुढे वाढायला काय लागणार आहे ते आधी शोध. कुणाला शिक्षक लागतो, कुणाला महागडी साधनं, कुणाला सोबतीला चार माणसं, कुणाला तरुण शरीर, आणि कुणाला नुसता मोकळा वेळ पुरतो. मग बघ की यातलं काय फक्त कॉलेजमध्येच मिळतं. कॉलेजची निवड त्या 'फक्त'वरून करायची.

पहिले दोन आठवडे: काही बदलू नकोस, नुसतं लिही

एक वही घे. फोनमधली नोट चालते पण वही बरी, फोन हातात घेतला की लिहायचंच राहून जातं. रोज झोपायच्या आधी पाच मिनिटं, आज कुठला छंद किती वेळ केला ते लिही, करायचा होता तो नाही हं, केला तो. शेजारी एक खूण कर की झाल्यावर ताजंतवानं वाटलं की पिळून निघाल्यासारखं. बस्स.

या दोन आठवड्यांत बहुतेक मुलांना एक धक्का बसतो, की ज्या छंदाबद्दल ते सगळ्यात जास्त बोलतात तो त्यांनी एकदाही केलेला नसतो. माझं बुद्धिबळ तसं होतं. मी बुद्धिबळाचे व्हिडिओ बघायचे, पटावर शेवटचं कधी बसले होते आठवत नव्हतं.

आता तासांचा हिशोब. आठवड्यात तास १६८. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली १३ ते १८ वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी असं सांगितलंय, आपण ९ धरू, म्हणजे ६३ गेले, उरले १०५. शाळा, क्लास आणि जाणं-येणं मिळून ४५ धर, उरले ६०. घरचा अभ्यास रोज तीन तास म्हणजे २१, उरले ३९. जेवण, आंघोळ, घरातली कामं यांना रोज दोन तास, १४ गेले, उरले २५. तुझे आकडे वेगळे येतील पण फार वेगळे येत नाहीत. आता या २५ ला सातने भाग, प्रत्येक छंदाला जेमतेम साडेतीन तास, तेही मित्रांना शून्य वेळ, फोनला शून्य वेळ आणि नुसतं पडून राहायला शून्य वेळ धरून. म्हणजे तू आळशी नाहीयेस, तुझी शिस्तही कमी नाहीये, गणितच बसत नाहीये. हे कागदावर दिसलं की निम्मा अपराधीपणा तिथेच उतरतो, माझा उतरला होता.

झोपेतून तास काढायचे नाहीत. यावर मी वादच घालत नाही.

आणि एक नियम लगेच लावून टाक: एका संध्याकाळी एकच छंद. सोफी लरॉय नावाच्या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं होतं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं तर मनाचा एक भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम कच्चं होतं. अर्धा तास कीबोर्ड, अर्धा तास स्केच, अर्धा तास कोड अशी संध्याकाळ भरगच्च वाटते खरी, पण हाती काही लागत नाही. उठताना वहीत एक ओळ लिही की पुढच्या वेळी नेमकं कुठून सुरू करायचंय, त्याने मन मोकळं होतं आणि पुढच्या वेळची सुरुवातीची दहा मिनिटं वाचतात.

छंदाचं नाव खोड आणि क्रियापद लिही

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे, इथे घाई करू नकोस.

"मला फोटोग्राफी आवडते" या वाक्यातून काहीच कळत नाही. माझ्या ओळखीतल्या दोन मुली आहेत, दोघींना फोटोग्राफी आवडते. एकीला पहाटे उठून, कॅमेरा घेऊन पक्षी येईपर्यंत दोन-दोन तास गप्प बसायला आवडतं, फोटो नंतर महिनाभर कार्डमध्येच पडून असतात. दुसरीला काढायचा कंटाळा, पण काढलेला फोटो कॉम्प्युटरवर घेऊन रंग, उजेड, चौकट यात तिची रात्र निघून जाते. छंदाचं नाव एक आणि माणसं दोन टोकांची. पहिलीने प्राणीशास्त्र किंवा पर्यावरणाकडे बघावं, दुसरीने डिझाईन, छपाई, चित्रपटाच्या रंगसंस्कारासारख्या कामांकडे, आणि दोघींना सरसकट "फोटोग्राफीचा कोर्स कर" म्हणणारा माणूस दोघींचं नुकसान करेल.

म्हणून प्रत्येक छंदापुढे लिही की तो करताना तू प्रत्यक्षात काय करत असतेस किंवा असतोस, आणि त्यातल्या कुठल्या क्षणाला वेळेचं भान जातं. जुळवणं, निरखणं, समजावून सांगणं, दुरुस्त करणं, स्पर्धा करणं, सजवणं, मोजणं, लोकांना एकत्र आणणं, एकट्याने हात चालवणं. असे शब्द.

माझे सात छंद या चाळणीतून काढले तर चारच क्रियापदं उरली. स्केचिंग, फोटो आणि तारे या तिन्हीत मी एकच गोष्ट करत होते, एखाद्या वस्तूकडे खूप वेळ निरखून बघणं. बुद्धिबळ आणि कोडिंगमध्ये नियमांच्या आत राहून वाट शोधणं. बॅडमिंटन म्हणजे अंग दमवणं. कीबोर्ड म्हणजे कुणाशी न बोलता हात चालवणं. आता बघ, "निरखून बघणं" हे ज्यांचं रोजचं काम आहे असे विषय किती निघतात: भूविज्ञान, वनस्पतीशास्त्र, पुरातत्त्व, पॅथॉलॉजी, जुन्या चित्रांचं जतन, उपग्रहाच्या छायाचित्रांवरून जमिनीचा अभ्यास. यातलं एकही नाव माझ्या डोक्यात आधी नव्हतं, कारण मी "चित्रकला की खगोलशास्त्र" एवढ्यातच भांडत बसले होते. शेवटी मी भूविज्ञान घेतलं, आणि तिथे फील्डवर गेल्यावर पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं की समोरच्या कड्याचं स्केच वहीत काढा, फोटो काढलात तरी स्केच काढाच, कारण हाताने काढताना थर दिसायला लागतात. खडकाची कागदापेक्षा पातळ चकती ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली फिरवली की जे रंग दिसतात ते पहिल्यांदा बघितले तेव्हा मी जागची हलले नाही.

कोण थांबू शकतं आणि कोण नाही

आता प्रत्येक छंदाला एक प्रश्न विचार: दोन वर्षं हात लावला नाही तर काय होईल?

जिम्नॅस्टिक्स, बॅले किंवा स्पर्धेत उतरायचं असेल तर पोहणं, इथे शरीराचं वय चालतं, गेलेली दोन वर्षं परत मिळणं अवघड. काही दरवाजे नियमानेच बंद होतात. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचं उदाहरण घे, तिथे वय २० च्या आत लागतं आणि विद्यापीठात प्रवेश घेतलेला नसावा लागतो, म्हणजे कॉलेजला गेलीस की ती संधी संपली. ज्याला त्याची खरी ओढ आहे त्याने बाकीचं सगळं बाजूला ठेवून ते आत्ताच करावं.

वाद्याचं तसं नाही. बोटं जड होतात, पण पार पुसलं जात नाही. हर्मन एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर केलेल्या आणि १८८५ साली छापलेल्या प्रयोगांत हेच पाहिलं होतं, विसरल्यासारखी वाटणारी गोष्ट पुन्हा शिकताना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. त्याने निरर्थक अक्षरसमूह पाठ केले होते, वाद्य नव्हे, पण पुन्हा हात बसवताना प्रत्येक वादकाला हा अनुभव येतो. वाचन, लेखन, बुद्धिबळ, तारे, विणकाम, ही मंडळी निवांत थांबतात. नवीन भाषा मधली आहे, अर्धवट शिकून सोडली तर लवकर जाते, पण बोलता येईपर्यंत नेली तर बरीच टिकते, म्हणून भाषा चालू असेल तर एका ठराविक टप्प्याला पोचवून मग थांबव.

आणि किती काळ थांबता येतं? ब्रायन मे याने लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात १९७० च्या सुमारास खगोलभौतिकीत पीएचडी सुरू केली, मग त्याचा क्वीन हा बँड जोरात चालायला लागला आणि प्रबंध बाजूला पडला. सूर्यमालेतल्या धुळीवरचा तोच प्रबंध पूर्ण करून त्याने २००७ साली पीएचडी मिळवली. मध्ये तीस वर्षांहून जास्त गेली. बँड तीस वर्षं थांबला नसता, धूळ थांबली. त्याच्या वेळी हा हिशोब त्याने असाच मांडला होता का माहीत नाही मला, पण तुला मांडता येईल.

तीन जागा

वहीच्या एका पानावर तीन जागा आख. पहिल्या जागेवर एकच छंद, ज्याला पुढचे तीन महिने खरा वेळ, खरी मेहनत. दुसऱ्या जागेवर जास्तीत जास्त दोन, जे टिकवून ठेवायचेत, वाढवायचे नाहीत. तिसऱ्या जागेवर विसाव्याचं जे काही आहे ते, त्याला ध्येय नको, वेळापत्रक नको, कुणाला दाखवायचं नाही. उरलेले रांगेत. तीन महिन्यांनी पान उलटून परत मांडायचं. रांगेतल्यांना नाही म्हटलेलं नाही, त्यांची पाळी यायचीये एवढंच, आणि मनाला हे लगेच पटतं.

तिसरी जागा रिकामी ठेवू नकोस. मी तेव्हा चूक केली ती इथेच, जे "उपयोगाचं" वाटलं नाही ते सगळं काढून टाकलं.

या मांडणीत अडथळा आणतो तो आधी घातलेला पैसा आणि वेळ. "सहा वर्षं क्लास लावलाय, आता कसं सोडू?" १९८५ साली आर्क्स आणि ब्लूमर या दोघांनी एक प्रयोग केला होता, नाटकांच्या हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण किमतीत दिली आणि काहींना सवलतीत, तर पूर्ण पैसे भरलेल्यांनी हंगामाच्या पहिल्या भागात जास्त नाटकं बघितली, नाटकं तर सगळ्यांना तीच होती. भरलेले पैसे आपल्याला ओढत नेतात. म्हणून स्वतःला असं विचार: हा छंद मी आजपर्यंत कधी केलाच नसता तर आज नव्याने सुरू केला असता का? उत्तर नाही आलं तर त्याला रांगेत जाऊ दे, आणि जाताना काहीतरी पूर्ण करून जाऊ दे. एक गाणं पक्कं बसवून रेकॉर्ड कर, एक चित्र फ्रेम कर, शिक्षकांना स्वतः भेटून सांग की अमुक महिन्यापासून थांबतेय. न सांगता क्लासला जाणं बंद केलं की ते मनात वर्षानुवर्षं टोचतं.

दहा हजार तास सराव केल्याशिवाय कशातच तरबेज होता येत नाही, हे भूतही इथेच येतं. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर अभ्यास छापला, त्यातून हा आकडा पसरला. पण दहा हजार ही सर्वात चांगल्या गटाने विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या सरावाची साधारण सरासरी होती, त्याखाली आलेलं सगळं वाया असं त्यात कुठेच नाही. त्याच अभ्यासात चांगल्या वादकांची झोपही जास्त निघाली होती, दुपारच्या डुलकीसकट, ते मात्र कुणी सांगत नाही.

सहा आठवड्यांची चाचणी

ज्या एक-दोन छंदांचं शिक्षण घ्यावं असं वाटतंय त्यांचीच ही चाचणी, सगळ्यांची नको. एक छोटं काम ठरव ज्याला शेवट आहे आणि जे दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाईल. गेम बनवायचा असेल तर एका लेव्हलचा, पण मित्राला खेळता येईल असा. लिहायचं असेल तर एक पूर्ण कथा, चार जणांनी वाचलेली. इमारती आवडत असतील तर स्वतःच्या घराचा मापं घेऊन काढलेला नकाशा आणि पुठ्ठ्याचं मॉडेल.

या सहा आठवड्यांत मजा किती आली ते बघायचंच, पण त्याहून जास्त हे बघ की कंटाळवाणा भाग तुला सोसवतो का. प्रत्येक विषयाचा एक कंटाळवाणा भाग असतो आणि जाहिरातीत तो नसतो. खगोलशास्त्रात दुर्बिणीला डोळा लावून बसणं जवळपास नाहीच, कोड लिहायचा, आकडेवारी तपासायची, नोंदींतल्या नको असलेल्या गोंधळातून खरा संकेत वेगळा काढायचा. मानसशास्त्रात संख्याशास्त्र येतं आणि कितीतरी मुलं तिथेच गांगरतात. गेममध्ये तोच भाग दोनशे वेळा खेळून चूक शोधायची. आर्किटेक्चरमध्ये सुंदर कल्पनेआधी जिन्याच्या पायरीची उंची, रुंदी, नियमावली. संगीताच्या पदवीत स्वर नुसते ऐकून कागदावर उतरवायचा सराव रोजचा. माझ्या विषयात दगड फोडून, पिशवीत भरून, नंबर टाकून पाठीवर वाहून आणायचे. मला ते आवडायचं. माझ्या वर्गातल्या काहींना अजिबात नाही, आणि ती मुलं हुशार नव्हती असं मुळीच नाही.

कॉलेजच्या माहितीपत्रकापेक्षा दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडून वाच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने ओपनकोर्सवेअर २००१ साली जाहीर केलं तेव्हापासून असे कितीतरी कोर्स फुकट बघायला मिळतात, त्यात दुसऱ्या वर्षाच्या विषयाची सलग तीन लेक्चर्स बघ. समजली नाहीत तर काही बिघडत नाही, एवढंच बघ की न समजल्यावर तुला चिडून परत मागे जावंसं वाटतं की खिडकी बंद करावीशी वाटते.

आणि सुरुवातीला जड गेलं म्हणजे "ही माझी आवड नव्हतीच" असं ठरवू नकोस. ओकीफ, ड्वेक आणि वॉल्टन यांचा २०१८ चा अभ्यास आहे, आवड ही आधीच आत असते आणि फक्त सापडायची असते असं मानणाऱ्यांचा रस विषय कठीण झाल्यावर जास्त घसरला, आवड वाढवता येते असं मानणाऱ्यांचा कमी. म्हणून सहा आठवडे पूर्ण कर, तिसऱ्या आठवड्यात निर्णय घेऊ नकोस, तिसरा आठवडा सगळ्यांचाच वाईट जातो.

आता कॉलेज

इथपर्यंत आलीस की प्रत्येक छंदासमोर लिही: याला जे हवंय ते कॉलेजबाहेर मिळतं का? लॅब, मोठी भट्टी, वाद्यवृंद, संशोधन करणारे प्राध्यापक, आणि काही व्यवसायांत कायद्याने लागणारी पदवी, हे बाहेर सहसा मिळत नाही. कोडिंग, लेखन, संपादन, फोटो यांचं बरंचसं बाहेर शिकता येतं, कॉलेजने त्यात मिळतात ते मुख्यतः सोबती आणि चांगली टीका करणारी माणसं, तीही मोठी गोष्ट आहे पण तिच्यासाठी ती पदवीच घ्यावी असं नाही.

मग तीन वाटा दिसतात. छंद हीच पदवी. पदवी एक आणि छंद शेजारी, मायनर म्हणजे दुय्यम विषय किंवा क्लब म्हणून. किंवा छंद पूर्ण वेगळा, स्वतःच्या वेळेत. तिसरी वाट कमी प्रतीची समजू नकोस. विल्यम हर्शल पेशाने संगीतकार होता, इंग्लंडमधल्या बाथ गावात ऑर्गन वाजवायचा, दुर्बिणीचे आरसे स्वतः घासायचा, आणि १७८१ मध्ये त्याने युरेनस शोधला. पण किंमतही लागते हे खरं सांगायला हवं. अलेक्झांडर बोरोदिन रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता आणि संगीतकार म्हणूनही मोठा, त्याने एका ऑपेरावर १८६९ पासून काम केलं आणि १८८७ मध्ये तो गेला तेव्हा ते अपुरंच होतं, मित्रांनी पूर्ण केलं. दोन मोठी कामं एका आयुष्यात बसतात, पण सावकाश.

कॉलेजं बघताना क्रमवारीच्या आधी हे विचार. विषय कधी पक्का करावा लागतो? अमेरिकेत बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत मुख्य विषय ठरवायला वेळ मिळतो, इंग्लंडमध्ये साधारणपणे अर्ज करतानाच विषय धरून जावं लागतं आणि पदवी तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार वर्षांची आणि सुरुवात जरा रुंद. ज्याची दोन क्रियापदं अजून भांडतायत त्याला उशिरा ठरवू देणारी रचना बरी. मग, विषय बदलता येतो का आणि बदलला तर वर्ष वाया जातं का? त्या विषयाचा नसलेल्या विद्यार्थ्याला सरावाच्या खोल्या, वर्कशॉप, स्टुडिओ वापरता येतात का? वाद्यवृंदाची निवड सगळ्यांना खुली असते का? आठवड्याला प्रत्यक्ष वर्गाचे आणि प्रॅक्टिकलचे तास किती? मेडिकल, इंजिनीअरिंग, आर्किटेक्चरला हे तास इतके असतात की दुसरी जागासुद्धा कशीबशी सांभाळली जाते, हे आधी माहीत असलेलं बरं.

ही उत्तरं वेबसाईटवर अर्धवट असतात. विभागाला चार ओळींची ईमेल लिही, आणि शक्य झालं तर तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाशी बोल. पहिल्या वर्षाचा अजून नवलाईत असतो आणि शेवटच्या वर्षाचा नोकरीच्या काळजीत.

अर्जात छंद कसे लिहायचे

आधी हे बघ की तू जिथे अर्ज करतेस तिथे छंद बघतात का. प्रवेश फक्त परीक्षेच्या गुणांवर असेल तर छंदांचं सर्टिफिकेट गोळा करत फिरायची काहीच गरज नाही, मनासाठी करत राहा. जिथे बघतात तिथे जागा फार थोडी असते. अमेरिकेतल्या पुष्कळ कॉलेजांना चालणाऱ्या कॉमन ॲपमध्ये १० उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. ब्रिटनमध्ये विद्यापीठांचे अर्ज जिथून जातात त्या यूकासमध्ये २०२६ च्या प्रवेशापासून एका सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न आलेत, सगळं मिळून ४००० अक्षरं, आणि तिथे विषयाशी जोडलेलं असेल तेच उठून दिसतं.

सात छंद असलेल्याचा अर्ज विस्कळीत वाटण्याची भीती असते, तिथे ती क्रियापदं कामाला येतात. "स्केचिंग, फोटोग्राफी, खगोल" अशी यादी वाचून काही कळत नाही. "तीन वर्षं एकाच टेकडीची प्रत्येक ऋतूत स्केचेस आणि फोटो, रात्री तिथूनच ताऱ्यांच्या नोंदी" हे वाचून माणूस दिसतो. खोटं काही जोडायचं नाही, आहे तेच नीट लावायचं. आणि आजपासून प्रत्येक कामावर तारीख टाक, बिघडलेल्यावरसुद्धा. कला-डिझाईनच्या कॉलेजात साधारण १० ते २० कामांचा पोर्टफोलिओ मागतात आणि बऱ्याच ठिकाणी कच्ची वहीपण बघतात, तेव्हा तारखा नसलेली चित्रं घेऊन अंदाज लावत बसावं लागतं.

घरी कसं बोलायचं

आई-बाबांना "मला अजून कळत नाहीये" हे वाक्य घाबरवतं, कारण त्यात पुढे काय करणार ते नसतं. तेच असं सांग: "बाबा, मी दोन आठवडे वेळ लिहून काढलाय, हे बघा. पुढचे सहा आठवडे हे एक काम करून बघणारे, शेवटच्या तारखेला आपण परत बसू, तोपर्यंत अभ्यासाचे तीन तास कमी होणार नाहीत." वही समोर ठेव. ठरलेल्या तारखेला तूच आठवण करून दे, त्यांनी विचारायच्या आत. त्यांची काळजी बहुतेक वेळा पैशाची आणि स्थैर्याची असते, ती खरी असते, तिला उडवून लावू नकोस, फी किती, शिक्षण संपल्यावर पहिली नोकरी कुठल्या प्रकारची, हे शोधून आण. एका भेटीत होकार येत नाही. मला तीन महिने लागले होते.

परीक्षेचे महिने

पहिली जागा अभ्यासाला दे, छंद दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर. पूर्ण बंद करू नकोस, दिवसाला पंधरा मिनिटं पुरतात, पण वेळ ठरलेली असू दे, जेवणानंतर किंवा आंघोळीआधी, म्हणजे रोज वेगळं ठरवावं लागत नाही. या दिवसांत नवीन काही शिकायचं नाही, येतं तेच वाजवायचं, ओळखीचंच काढायचं.

प्रवेश झाल्यावर

पहिल्या आठवड्यात क्लबांची टेबलं लागलेली असतात आणि प्रत्येक ठिकाणी नाव द्यावंसं वाटतं. पहिल्या सत्रात दोनच घे. एक जुन्या छंदाचा, म्हणजे नव्या जागी निदान एक गोष्ट ओळखीची असेल, आणि एक असा ज्यातलं तुला काहीही येत नाही. बाकीच्यांच्या सभांना नुसती जाऊन बस, नाव दुसऱ्या सत्रात दे. वही सोबत ने. सत्र संपलं की तीन जागांचं पान परत आख, नावं बदललेली असतील. मी माझं कीबोर्ड घरीच ठेवून गेले होते, वाटलं आता कशाला, आणि दुसऱ्या वर्षी सुट्टीवरून परत येताना ते बरोबर घेऊन आले.